शितावरून भाताची परीक्षा



बोलीविषयक प्रकल्प-अहवाल तपासताना एक वाक्य मला जवळजवळ दर वर्षी भेटते. तालुक्याचे नाव बदलते, वाक्य तेच राहते. गेल्या खेपेला ते असे होते : 'इंदापूर तालुक्यातील लोकांच्या बोलण्यात "ण" हा ध्वनी नाही.' खाली उदाहरणे दिली होती : पानी, कोन, लोनी, आनि. उदाहरणे खोटी नव्हती. अहवालाच्या शेवटी माहिती देणाऱ्या व्यक्तींचा तक्ता होता. बारा व्यक्ती, त्यांपैकी नऊ जणांचे आडनाव एकच, आणि तेच अहवाल लिहिणाऱ्या विद्यार्थिनीचेही. सर्व जण एकाच वाडीचे, एक अपवाद सोडल्यास सर्व चाळिशीच्या पुढचे. म्हणजे तिने नोंदवले होते ते आपल्या भावकीचे बोलणे. निष्कर्ष मात्र लावला होता शंभराहून अधिक गावांच्या तालुक्याला.

या अहवालाला मी चांगले गुण दिले, हे आधीच सांगून टाकते. नोंदी प्रामाणिक होत्या. नोकरी, शेती आणि घर सांभाळून कोणी बारा जणांसमोर वही घेऊन बसते, याचे मोल मला कळते. चूक झाली ती शेवटच्या पायरीवर. 'मी ज्यांना ऐकले ते असे बोलतात' येथून 'तालुका असा बोलतो' येथवर ती एका उडीत गेली. व्यवहारात ही उडी आपण सारेच मारतो. एक भाडेकरू बुडवून गेला की 'तिकडची माणसे तशीच'; एका दुकानात फसलो की साऱ्या बाजारपेठेचे नाव खराब. अभ्यासात मात्र उडी मारण्यापूर्वी पलीकडची जमीन पाहावी लागते. ती कशी पाहावी, याविषयी मला जे वाटते ते येथे मांडते. उदाहरणे इंदापूर-बारामतीकडची घेतली आहेत. त्याचे कारण केवळ तो अहवाल नव्हे. दोनशे वर्षांपूर्वी याच मुलखात अपुऱ्या नमुन्यांवरून काढलेल्या निष्कर्षाची किंमत हजारो कुळांनी मोजलेली आहे.

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. ती आपण बहुधा मान डोलावून वापरतो आणि स्वयंपाकघरात ती खरीही ठरते. पण ती खरी का ठरते, याचा विचार करून पाहा. एका भांड्यात एकाच जातीचा तांदूळ असतो. पाणी तेच, आच तीच. आधणात दाणे खालीवर होत राहतात, त्यामुळे कोणतेही शीत इतरांसारखेच शिजलेले असते. या अटी पूर्ण होतात म्हणून एक शीत पुरते. भात आटून बसला आणि तळाशी लागला, तर वरचे शीत उत्तम मऊ असूनही तळ करपलेला असतो. तेव्हा ही परीक्षा फसते. स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. वास आला की ती कालथा तळापर्यंत घालते. एक शीत पुरेसे आहे की नाही, हे शिताच्या संख्येवरून ठरत नाही. भांड्यातला भात सर्वत्र सारखा आहे, हे आपल्याला आधी ठाऊक आहे काय, यावर ते ठरते.

आता तालुका हे भांडे कसे आहे ते पाहा. इंदापूर भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मध्ये आहे. नीरा नरसिंहपूर येथे त्यांचा संगम होतो. नीरेच्या बाजूला डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आले. भीमेच्या बाजूला उजनी धरणाचा फुगवटा आला, तो अगदी अलीकडे, १९८० च्या सुमारास. मधला पट्टा बराच काळ पावसाकडे डोळे लावून राहिला. 'इंदापूरचा शेतकरी' असे म्हटल्यावर यांतला कोणता? बोलीचेही तसेच. तालुका पुणे जिल्ह्यात आहे. पण भीमा ओलांडली की करमाळा आणि नीरा ओलांडली की माळशिरस, दोन्ही सोलापूर जिल्ह्यातले. लेकी-सुना नदी ओलांडून येतात-जातात, आणि सुनेबरोबर तिचे बोलणेही घरात येते. धरणाने उठवलेली गावे नव्या जागी बसली, तेव्हा जुने शेजार तुटले आणि नवे जुळले.

यात भर ऋतूची. दिवाळीनंतर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बीड-नगरकडच्या ऊसतोड टोळ्या येथे उतरतात. त्याच दिवसांत येथील धनगरांपैकी कित्येक कुटुंबे मेंढरे घेऊन कोकणाच्या वाटेला लागलेली असतात. डिसेंबरमध्ये आठवडी बाजारात उभे राहून तुम्ही शंभर माणसांची बोलणी टिपलीत, तर त्यांत काही पाहुणे सापडतील आणि काही घरचे सुटतील. जूनमध्ये तीच जागा, तोच बाजार, पण नमुना वेगळा. अभ्यासकाने माणसे किती घेतली हे सर्वजण विचारतात. ती कोणत्या महिन्यात घेतली हे क्वचितच कोणी विचारते.

आता त्या जुन्या हकिगतीकडे येते. ती जमीनमहसुलाची आहे, भाषेची नाही, तरी मराठीच्या विद्यार्थ्याने ती वाचावी असे मला वाटते. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि दख्खन कंपनी सरकारच्या हाती आले. सारा किती घ्यावा हा प्रश्न नव्या सरकारपुढे होता. रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडे १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुणे भागाच्या पाहणीचे काम आले. हेलिबरीच्या महाविद्यालयात माल्थस यांच्याकडे अर्थशास्त्र शिकून आलेला हा माणूस बुद्धिमान होता, कष्टाळूही होता. त्याची रीत कागदावर निर्दोष दिसते. जमिनीच्या प्रती पाडायच्या, प्रत्येक प्रतीत सरासरी किती पीक येते ते प्रयोगाने काढायचे, त्यातून मशागतीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारचा वाटा धरायचा.

निव्वळ उत्पन्न हा आकडा शेतात उगवत नाही, तो अंदाजाने काढावा लागतो. काही शेतांतले पीक मोजून ते एका प्रतीच्या सगळ्या शेतांना लावले गेले. शेते प्रतीत बसवण्याचे काम असंख्य हाताखालच्या कारकुनांनी केले आणि त्यांच्यावर पुरेशी देखरेख नव्हती. ज्याने हात ओले केले त्याची चांगली जमीन हलक्या प्रतीत गेली, ज्याच्यापाशी काही नव्हते त्याची हलकी जमीन भारी प्रतीत. म्हणजे नमुना आधीच अपुरा, आणि त्यातले जे होते तेही बाधित. वर पावसाची ओढ आणि उतरलेले भाव. पुढच्या काही वर्षांत साऱ्याच्या थकबाक्या वाढल्या, जमिनी पडीक पडल्या आणि कित्येक कुळे शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली. या वाताहतीत इंदापूर तालुका अग्रभागी होता.

प्रिंगलचे नेमके कोठे चुकले? आकडेमोडीत नव्हे. त्याच्यापाशी एक पक्का सिद्धांत होता, त्यामुळे थोडी शेते मोजली तरी पुरे असे त्याला वाटले. सिद्धांत पक्का असला की नमुना तोकडा असल्याचे भान सुटते; भाषाशास्त्रातही मी हे वारंवार पाहिले आहे. संगणकावर सुबक तक्ते काढणाऱ्या तरुण संशोधकांनी या दूरच्या महसुली अधिकाऱ्याची आठवण ठेवावी, असे मला नेहमी वाटते.

१८३५ मध्ये एच. ई. गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा लष्करी अभियंता यांनी इंदापुरात नव्याने काम सुरू केले. निव्वळ उत्पन्न नेमके किती, हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला. जमिनीची प्रत त्यांनी मातीचा रंग, खोली, चुनखड यांवरून ठरवली. या पद्धतीत पुढे नऊ प्रती रूढ झाल्या आणि त्यांची किंमत आण्यांत मांडली गेली. यावरून दोन शेतांतील फरक कळतो. एकूण सारा किती असावा हे मात्र त्यांनी तालुक्याच्या मागील वर्षांच्या वसुलीवरून, पावसावरून, बाजारपेठ किती लांब आहे यावरून ठरवले. दर उतरले, ते ३० वर्षांसाठी कायम करण्यात आले आणि पडीक जमिनी हळूहळू पुन्हा नांगराखाली आल्या. इंदापुरात बसलेली ही पद्धत नंतर साऱ्या मुंबई इलाख्यात पसरली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला नियमांचे रूप दिले.

येथे तुम्ही मला अडवायला हवे. एका तालुक्यावरून साऱ्या इलाख्याला नियम लावला, हेही अपुऱ्या नमुन्यावरचे सामान्यीकरणच की! आक्षेप योग्य आहे. पण पसरले काय, ते बारकाईने पाहा. इंदापूरचा दर कोणी धारवाडला लावला नाही. पसरली ती दर ठरवण्याची रीत, आणि त्या रीतीतच प्रत्येक तालुक्याचा पाऊस, बाजार व मागील वसुली वेगळी पाहण्याची तरतूद होती. एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणी नेणे आणि एका ठिकाणची पाहण्याची पद्धत दुसऱ्या ठिकाणी नेणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्यासाठी दोन्ही ठिकाणे सारखी असावी लागतात. दुसऱ्यासाठी पद्धत इतकी लवचीक हवी, की ठिकाणे वेगळी असल्यास ते तिला कळावे.

हकिगत येथे संपती तर बरे झाले असते. ३० वर्षांची मुदत १८६६-६७ च्या सुमारास संपली आणि फेरआकारणीची पाळी प्रथम इंदापूरवरच आली. मधल्या काळात काय घडले होते? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि इकडच्या कापसाचे भाव कडाडले. रेल्वेच्या बांधकामाने रोख मजुरी आली, धान्याचे भावही चढले. आकारणी करणाऱ्यांसमोर हे तेजीचे भाव होते. दर बरेच वाढवण्यात आले. युद्ध संपले, भाव उतरले, दर मात्र वरच राहिले. या वेळी तालुका तोच होता, शेतेही तीच होती. चुकला तो काळाचा नमुना. चार-पाच असामान्य वर्षे पुढच्या ३० वर्षांची प्रतिनिधी मानली गेली. अखेर १८७४ मध्ये सरकारला वाढीवर मर्यादा घालावी लागली : तालुक्याच्या एकूण आकारात ३३ टक्क्यांपेक्षा अधिक वाढ करू नये.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात सावकारांविरुद्ध दंगा उसळला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. दख्खनच्या दंग्यांची ही सुरुवात. दंग्यांना सारा किती कारणीभूत आणि सावकारी किती, यावर तेव्हाही मतभेद होते, आजही आहेत. मी त्यात पडत नाही. मला त्या वेळच्या दुसऱ्या एका सामान्यीकरणाकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे. कुणबी कर्जबाजारी का होतो, तर तो लग्नकार्यात उधळतो, हे मत साहेबलोकांत आणि आपल्याकडच्या शहरी मंडळींत सर्रास प्रचलित होते. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने प्रत्यक्ष तपास केल्यावर, या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असा निर्वाळा दिला. मग ते मत आले कोठून? लग्न सर्वांना दिसते. वाजंत्री, मांडव, पंगती डोळ्यांत भरतात. दरवर्षी बियाण्यासाठी, साऱ्यासाठी, घरात दाणे संपल्यावर पोटासाठी काढलेले छोटे कर्ज कोणाला दिसत नाही. जे ठळक दिसते तेच आपल्या नमुन्यात शिरते. हे मत आजही ऐकू येते, आणि ते बोलणाऱ्याला मी विचारते, की तुम्ही किती घरांच्या वह्या पाहिल्या आणि किती घरांच्या फक्त वराती.

प्रिंगलची जुनी अडचण पुढे शास्त्राने कशी सोडवली, तेही थोडक्यात सांगते, कारण त्यात एका मराठी माणसाचा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ. पिकांचा अंदाज घेण्यासाठी पीक कापणीच्या प्रयोगांची शास्त्रशुद्ध पद्धत भारतात रुजवण्यात त्यांचा मोठा हात होता. बंगालमध्ये महालनोबीस याच प्रश्नावर काम करत होते आणि कापणीचा तुकडा केवढा असावा यावर दोघांचा वाद गाजला. दोघांचेही एकमत ज्यावर होते ती गोष्ट आपल्या कामाची आहे : कोणते शेत निवडायचे हे माणसाने आपल्या मर्जीने ठरवू नये. गाव, शेत, शेतातली जागाही यादृच्छिक क्रमांकांनी, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची. मर्जीवर सोडले तर अधिकारी रस्त्याकडेचे शेत गाठतो आणि रस्त्याकडेला उभे पीक बहुधा चांगले असते.

तुमच्यापैकी जे शेती करतात त्यांना पीक कापणी प्रयोग ठाऊक आहेत. विम्याची भरपाई ठरवताना महसूल मंडळातील अशा प्रयोगांचा मोठा आधार घेतला जातो. डाळिंबासारख्या फळपिकांचा विमा हवामानाच्या नोंदींवर चालतो आणि ती नोंद मंडळातल्या हवामान केंद्राची असते. एका शिवारात धो धो पाऊस आणि बांधापलीकडे कोरडे, हे आपण दर वळवाच्या पावसात पाहतो. केंद्रावर पाऊस पडला, माझ्या बागेत नाही. पण नोंदीत मी भिजलेलो आहे, अशी तक्रार बागायतदार करतात तेव्हा ते नमुन्याच्या प्रश्नावरच बोलत असतात. पर्जन्यमापक अचूक असतो. एका ठिकाणाच्या अचूक मोजणीने किती अंतरापर्यंत बोलावे, हा वाद आहे.

मग उपाय काय, नमुना प्रचंड मोठा घ्यावा? विद्यार्थी बहुधा असेच समजतात. १९३६ मध्ये अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या नियतकालिकाने अध्यक्षीय निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी पत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली आणि त्यांवरून लँडन निवडून येणार असे जाहीर झाले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळात ज्याच्याकडे टेलिफोन किंवा मोटार नव्हती, त्याचे मत त्या वीस लाखांत फारसे नव्हतेच. करपलेल्या भाताच्या भांड्यातून वरची शिते कितीही काढा, तळ कळणार नाही.

याउलट विल्यम लबाव या भाषाशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये केवळ २६४ व्यक्तींचे बोलणे टिपले. शब्दाच्या शेवटचा आणि व्यंजनापूर्वीचा 'र' कोण उच्चारते, हा त्याचा प्रश्न. त्याने उच्चभ्रू, मध्यम आणि स्वस्त अशी तीन मोठी दुकाने निवडली आणि तेथील विक्रेत्यांना अशा वस्तूची जागा विचारली, जी चौथ्या मजल्यावर असल्याचे त्याला आधीच ठाऊक होते. उत्तरात 'चौथा मजला' या अर्थाचे इंग्रजी शब्द यायचे, त्यांत दोनदा 'र'. ऐकू न आल्याचे भासवून तो पुन्हा विचारायचा, म्हणजे जपून केलेला उच्चारही मिळायचा. मग बाजूला जाऊन नोंद करायचा. बोलणाऱ्याला आपली परीक्षा चालली आहे याचा पत्ता नसे. तीन थर मुद्दाम निवडलेले, प्रश्न सर्वांना एकच, आणि दावाही नेमका तेवढाच. म्हणून २६४ पुरले.

आपल्या मराठीचे काय? ग्रीअर्सन यांच्या 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया'चा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. तो आजही मराठी बोलींच्या अभ्यासाचा पाया मानला जातो आणि त्याविषयी मला आदर आहे. परंतु त्यातील नमुने कसे मिळाले? मुख्यतः सरकारी अधिकाऱ्यांमार्फत. प्रत्येक बोलीत बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा भाषांतरित करून मागवली होती, त्यासोबत एखादा स्वतंत्र उतारा आणि शब्दांची-वाक्यांची ठरावीक यादी. लिहून केलेले भाषांतर हे ओट्यावरचे बोलणे नव्हे. लिहिणारा सुशिक्षित, आणि लिहिताना तो नकळत सुधारतो. शिवाय निजामाचे हैदराबाद संस्थान या सर्वेक्षणाच्या मूळ कक्षेबाहेर होते, म्हणजे आजचा सारा मराठवाडा. ग्रीअर्सन यांना आपल्या साधनांच्या मर्यादा ठाऊक होत्या. त्यांच्यामागून येणाऱ्यांनी मात्र त्या खंडातून नकाशे उतरवून घेतले आणि मर्यादा तेथेच सोडल्या.

त्याच खंडात पुण्याच्या परिसरातील मराठी प्रमाण धरली गेली. त्यासाठी ऐतिहासिक कारणे होती. पण पुढे 'पुण्याची मराठी' या शब्दांनी काय सूचित होऊ लागले? एका शहरातील काही वर्गांचे बोलणे. जिल्ह्याचे नाव त्याला चिकटले आणि इंदापूरचा मुलगा शहरातल्या वर्गात 'व्हय' किंवा 'न्हाई' म्हणाला की 'पुणे जिल्ह्याचा असून असे बोलतोस?' हा प्रश्न त्याला ऐकावा लागला. हा प्रश्न विचारणाऱ्याचा नमुना दोन-चार पेठांचा असतो. तुमच्यापैकी ज्यांनी शाळा मध्येच सोडली आणि आता इतक्या वर्षांनी पदवीला बसला आहात, त्यांतील काहींच्या तेव्हाच्या निर्णयात अशा प्रश्नांचाही वाटा असेल. सदोष सामान्यीकरणाचा भार बहुधा नमुन्यातून वगळले गेलेलेच उचलतात. सुदैवाने अलीकडच्या काळात डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले. त्यात जिल्ह्याजिल्ह्यांतील गावी जाऊन वेगवेगळ्या वयाच्या स्त्री-पुरुषांचे प्रत्यक्ष बोलणे ध्वनिमुद्रित केले आहे. प्रकल्प करण्यापूर्वी ते अवश्य पाहा.

आता माझीही एक चूक सांगते. पीएच.डी.च्या काळात मी याच भागात फिरले होते आणि प्रबंधाच्या एका प्रकरणात लिहिले होते, की तरुण पिढीत 'न'ची जागा 'ण' घेत आहे. माझ्याकडे तीसेक तरुणांच्या ध्वनिफिती होत्या. मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला : 'हे तरुण आपल्याला कोठे भेटले?' मी सांगितले, महाविद्यालयात. तेथील प्राध्यापकांनी गोळा करून दिले. उत्तर देता देताच माझे मला उमगले. जे शाळेतून गळाले, उसात, मेंढरांमागे, वीटभट्टीवर गेले, ते माझ्या तरुण पिढीत नव्हतेच. शिवाय प्राध्यापकांसमोर, ध्वनिमुद्रकासमोर, सराव नसलेलाही 'पाणी' म्हणतो. ते प्रकरण मला पुन्हा लिहावे लागले. निष्कर्ष लहान झाला, 'महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणांच्या औपचारिक बोलण्यात' इतकाच उरला. पण तो आजवर कोणी खोडलेला नाही.

यावरून तुम्ही असे समजू नका, की बारा माणसांवरून काहीच म्हणता येत नाही. दावा कोणत्या प्रकारचा आहे त्यावर ते अवलंबून आहे. 'इंदापूर तालुक्यात "पानी" असा उच्चार आढळतो' हे सांगायला एक माणूसही पुरतो. 'इंदापुरातले सर्व जण "पानी"च म्हणतात' हे खोडायला एक 'पाणी' म्हणणारी आजी पुरते. 'बहुसंख्य असे बोलतात' म्हणायचे तर वय, लिंग, जात, शिक्षण, गाव यांच्या सर्व थरांतून माणसे घ्यावी लागतात, आणि आपल्या ओळखीबाहेरची घ्यावी लागतात. सर्वांत अवघड दावा 'नाही'चा. एखादी गोष्ट एखाद्या बोलीत नाही, असे म्हणणाऱ्याने ती जेथे असण्याचा संभव होता तेथे शोधली काय, हे पाहावे लागते. विद्यार्थिनीच्या तक्त्यातील तो एक अपवाद, चाळिशीच्या आतला, तिचाच महाविद्यालयात शिकणारा भाचा होता. नोंदवहीत त्याच्यापुढे 'पाणी' असे स्पष्ट लिहिलेले होते. अहवालात तो शब्द आला नाही. विचारले तेव्हा ती म्हणाली, 'मॅडम, तो शिकलेला आहे, त्याचं बोलणं खरं गावचं नाही, म्हणून सोडून दिलं.' हे मात्र मला गंभीर वाटले. नमुना लहान असणे हा नाइलाज असतो. निष्कर्षाच्या आड येणारी नोंद काढून टाकणे हा आपला निर्णय असतो.

आम्ही दोघींनी मिळून तिचे ते वाक्य बदलले. आता ते असे आहे : 'इंदापूर तालुक्यातील एका वाडीत मे महिन्यात बारा व्यक्तींचे घरगुती बोलणे नोंदवले. त्यांपैकी नऊ व्यक्ती एकाच भावकीतील आहेत. चाळिशीच्या पुढील अकरा व्यक्तींच्या बोलण्यात "ण"च्या जागी "न" आढळला. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाच्या बोलण्यात "ण" आढळला. अन्य समाजातील, अन्य गावांतील तसेच स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचे बोलणे नोंदवलेले नाही.' वाक्य लांबले, अशी तिची तक्रार होती. येत्या सुट्टीत ती नीरेपलीकडे, आईच्या माहेरी वही घेऊन जाणार आहे.